काडेपेटीचे छाप : पावसाळ्यातली उठाठेव

यंदाच्या पावसाळ्यात काडेपेटीचे नवीन छाप, म्हणजे पेटीवर चिकटवलेली चित्रांची लेबलं, फारसे आले नाहीत, पण हाती होते त्यांची उलथापालथ मात्र बरीच झाली. विषयवार मांडणी मोडून सालवार करायची, हे गेल्या वर्षापासून डोक्यात होतं. वाघ एका पानावर, पोपट दुसऱ्या पानावर, देवादिक वेगळे, ही मांडणी दिसायला झकास. पाहुणे खूश होतात, पोरं वाघांच्या पानावर रेंगाळतात. पण त्यातून कळत काहीच नाही. आण्यांच्या काळातला वाघ आणि मोबाइल आल्यानंतरचा वाघ मांडीला मांडी लावून बसलेले. म्हणून सगळे वाघ उठवले.

सालवार लावायचं म्हटलं की पहिलं घोडं कुठं अडतं ते छाप जमवणाऱ्यांना सांगायला नको. नाण्यावर साल असतं, पोस्टाच्या तिकिटावर शिक्का असतो. जुन्या छापावर चित्र, नाव, गाव आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरांत एकदोन ओळी, बस्स. चित्र बघून काळ ठरवता येत नाही, कारण एकेका कारखान्यानं तेच चित्र वर्षानुवर्षं चालवलंय. आपलं भांडवल म्हणजे त्या खालच्या ओळी. मी आता भिंग घेऊन आधी त्याच वाचते, वाघाकडं नंतर बघते.

त्यातून काय काय हाती लागतं ते सांगते. किंमत ‘न. पै.’ (नवे पैसे) मध्ये असेल, तर छाप 1 एप्रिल 1957 नंतरचा. दशमान नाणी त्या दिवशी सुरू झाली आणि पैशामागचं ‘नवे’ 1964 मध्ये गळलं. पत्त्यात ‘तामिळनाडू’ असेल तर 1969 नंतरचा, त्याआधी ते मद्रास राज्य होतं. पिनकोड दिसला की 1972 च्या अलीकडं या, कारण पिनकोड आला त्याच वर्षीच्या 15 ऑगस्टला. तामिळनाडूतल्या शिवकाशीचे छाप असतील (आणि आपल्या सगळ्यांच्या अल्बमात निम्म्याहून जास्त तेच असतात) तर जिल्हा बघा. शिवकाशी आधी रामनाड जिल्ह्यात होती. 1985 मध्ये तो जिल्हा फुटला आणि ती नव्या कामराजर जिल्ह्यात गेली, तोच आता विरुधुनगर. काडेपेट्यांचं दुसरं गाव कोविलपट्टी, तिचंही तसंच, 1986 पर्यंत तिरुनेलवेली, मग चिदंबरनार, म्हणजे आजचं तुतुकुडी. अलीकडच्या पेट्या तर किमतीवरूनच लागतात. 2007 मध्ये पन्नास पैशांचा रुपया झाला, आणि 1 डिसेंबर 2021 ला रुपयाचे दोन. चौदा वर्षं रुपयाला मिळणारी दुसरी वस्तू मला तरी आठवत नाही.

इथंच माझं आपल्यातल्या बऱ्याच जणांशी भांडण आहे. ‘रामनाड लिहिलंय, म्हणजे 1985 च्या आधीचा’ असं छातीठोकपणे लिहून मोकळे होतात. असं होत नाही. कारखान्यात छापांचे गठ्ठेच्या गठ्ठे पडून असतात. जिल्हा बदलला म्हणून ते कोण जाळणार? छपाईचा ब्लॉक तोच, छापखाना तोच, पत्ता बदलायची कुणाला घाई नसते. म्हणून नवी खूण पक्की आणि जुनी खूण कच्ची. पिनकोड आहे, तर छाप 1972 च्या आधीचा असूच शकत नाही. पिनकोड नाही, याचा अर्थ मात्र काहीही होऊ शकतो. माझ्या नव्या अल्बमात आता प्रत्येक छापाखाली ‘अमुक सालानंतर’ एवढंच लिहिलंय. ‘अमुक सालापूर्वी’ हा रकानाच मी काढून टाकला.

उदाहरणादाखल एक कोंबडा दाखवते. इथं कोल्हापुरात महाद्वार रोडच्या आतल्या गल्लीत एक जुनं किराणा दुकान बंद झालं, त्याच्या फळीखालच्या डब्यात हा मिळाला. तीन रंगांची छपाई: पिवळी जमीन, काळी रेघ, लाल तुरा. लाल रंग केसभर उजवीकडं सरकलाय, त्यामुळं तुरा डोक्यावर न बसता डोक्याच्या बाजूला तरंगतोय, आणि चोचीसमोर हवेत एक लाल ठिपका आहे. वर इंग्रजीत ‘सेफ्टी मॅचेस’. खाली शिवकाशी, मग ‘एस. इंडिया’, म्हणजे साउथ इंडिया. जिल्हा नाही, पिनकोड नाही. किमतीचा आकडा ठिणगीनं जळालाय, पण त्यापुढचं ‘एन. पी.’ शाबूत आहे. म्हणजे नवे पैसे, म्हणजे 1957 नंतरचा. आडवी चिकटवलेली, कर भरल्याची पट्टी मधोमध फाटलीय, निम्मी कोंबड्याच्या पायावर राहिलीय. 1934 च्या कायद्यानं काडेपेटीवर उत्पादन शुल्क बसलं, आणि ते भरल्याची खूण म्हणून अशा पट्ट्या पेटीला लावत. पेटी उघडायची तर पट्टी फाडावी लागे. पुष्कळ जण छाप ‘स्वच्छ’ दिसावा म्हणून ही पट्टी भिजवून काढतात. कृपा करून काढू नका. कोंबडे उदंड मिळतील, पायावर पट्टी असलेला मिळणार नाही.

पट्टीवरून जकातीकडं वळते, कारण त्याशिवाय अल्बमाची पहिली पानं समजत नाहीत. सुरुवातीला माझ्याकडं स्वीडन आणि जपानचे मोजके छाप आहेत. एकावर मुरलीधर, पायाशी गाय, आणि गायीच्या खुराखाली ‘मेड इन स्वीडन’. त्या काळात हिंदुस्थानात काडेपेटी मुख्यतः या दोन देशांतून यायची. इथल्या ब्रह्मपुरीच्या टेकडीवर उत्खननात सापडलेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची काशाची मूर्ती आपण टाऊन हॉलच्या संग्रहालयात भक्तिभावानं बघतो, समुद्रापलीकडचा व्यापार पंचगंगेपर्यंत पोचल्याचा पुरावा म्हणून. स्वीडनमध्ये छापलेला मुरलीधर आजीच्या चुलीपर्यंत पोचला, तोही पुरावाच की! फक्त तो फुकट मिळाला. 1922 मध्ये आयात जकात ग्रोसला, म्हणजे 144 पेट्यांना, दीड रुपयावर नेली आणि चित्र पालटलं. जकात चुकवायची तर माल इथंच बनवायला हवा. 1923 मध्ये स्वीडिश कंपनीनं विम्को काढली, तिचा अंबरनाथचा कारखाना आपल्यातल्या जुन्या लोकांना आठवत असेल; जहाज आणि घोडा हे तिचेच छाप. त्याच सुमारास शिवकाशीचे अय्या नाडर आणि षण्मुग नाडर हे दोघे भाऊबंद कलकत्त्याला जाऊन काडेपेटीची विद्या शिकून आले. शिवकाशीत पाऊस बेताचा, हवा कोरडी, काड्या आणि गूल झटपट वाळतात. आमच्या कोल्हापुरात जुलैत पापड वाळत नाही, इथं तो धंदा कसा होणार!

देवांच्या छापांबद्दल एक शंका मनात घर करून आहे. जुन्यांत देवांचे छाप इतके जास्त का? कारखान्यांनी तेवढे काढले म्हणून, की लोकांनी ते टाकले नाहीत म्हणून? आमची आजी मारुती किंवा लक्ष्मी असलेली रिकामी पेटी चुलीत घालत नसे, पायाखालीही येऊ देत नसे, कोनाड्यात ठेवायची. घोडा आणि कात्री मात्र थेट चुलीत. अशा आज्या घरोघरी असतील तर आपल्या अल्बमांत देव जास्त दिसणारच. तेव्हा ‘त्या काळी देवांचेच छाप लोकप्रिय होते’ असं लिहिताना जरा दमानं घ्यावं.

नकलांचा सुळसुळाटही वाढलाय. एका विक्रेत्याकडून फोटो पाहून मागवलेला ‘रविवर्म्याच्या सरस्वतीचा जुना ऑस्ट्रियन छाप’ उघडल्या उघडल्या चहाच्या पाण्याचा वास आला. ओळखायचे दोन उपाय, दोन्ही स्वस्त. दहापट भिंगाखाली धरा. दगडी छपाईत ठिपके वेडेवाकडे, हातानं मारल्यासारखे आणि प्रत्येक रंग आपापला स्वतंत्र दिसतो. आताच्या छपाईत रंगीत ठिपक्यांची फुलं फुलं, सगळी एका मापाची. दुसरा उपाय नोटा तपासायच्या निळ्या दिव्याचा. मी पतसंस्थेत कॅशला बसते, त्यामुळं दिवा हाताशीच असतो. संध्याकाळी हिशोब जुळला की नोटांनंतर सरस्वतीचा नंबर. साधारण 1950 नंतर कागदात पांढरेपणासाठी जी रसायनं घालू लागले ती या दिव्याखाली निळसर चमकतात. खरा जुना कागद मंद, मळकट राहतो. आमची सरस्वती ट्यूबलाइटसारखी उजळली. पैसे परत मागितले, मिळाले नाहीत. ती आता मागच्या पानावर आहे, ‘नक्कल’ अशी चिठ्ठी लावून, नवख्यांना दाखवायला.

छाप सोडवण्याबद्दल विचारणा होत असते, म्हणून थोडक्यात. खळीनं चिकटवलेला असेल तर कोमट पाण्यात तरंगत ठेवा, ओढू नका, आपणहून सुटतो. आधी कोपऱ्याला ओल्या कापसाचं टोक लावून बघायचं; जांभळा आणि गुलाबी हे रंग दगाबाज. रंग कापसावर उतरला तर पाणी नाही, नुसती वाफ द्यायची. मग टीपकागदात घालून वर जाडजूड पुस्तक. मागची खळ नीट धुवा, नाहीतर कसर लागलीच म्हणून समजा. कसरीला कागदापेक्षा खळ प्रिय. अल्बमात डिंक, टेप काही नको, फोटोचे कोपरे पुरेत. ते चिकट पानांवर पारदर्शक पडदा असलेले लग्नाचे अल्बम असतात ना, त्यांत तर चुकूनही ठेवू नका. आणि अख्खी लाकडी पापुद्र्याची, निळ्या कागदात गुंडाळलेली पेटी मिळाली तर तिच्यावरचा छाप काढायचाच नाही. ती पेटी म्हणूनच ठेवायची, गूल मात्र काढून.

नवीन माल कुठून येतो, तर टपऱ्यांवरून. बाईमाणसानं पानटपरीवर जाऊन ‘मामा, रिकाम्या काडेपेट्या आहेत का?’ विचारलं की आधी आजूबाजूची चार माणसं सिगारेट खाली करतात. आता उद्यमनगरच्या वाटेवरच्या दोन टपरीवाल्यांना सवय झालीय. एक जण खोक्यात साठवून ठेवतो आणि वर म्हणतो, “ताई, ह्यो नवा ब्रँड हाय, बघा तुमच्याकडं हाय का. लायटर आल्यापासनं खप न्हाई ऱ्हायला, बिगीबिगी गोळा करा.” त्याचं खरं आहे. बाजारात एकेक नाव गुपचूप बंद होतं आणि पुढं वर्षभरानं कुणाच्या तरी लक्षात येतं.

या महिन्यात अल्बमाबाहेरचं एक काम झालं. आमच्या पतसंस्थेतल्या सहकाऱ्याच्या वडिलांकडं कुस्ती मैदानांची हँडबिलं आहेत, ट्रंकभर. खासबागेत शाहू महाराजांनी 1912 मध्ये मैदान बांधलं तेव्हापासूनची नव्हेत, पण या वडिलांच्या तरुणपणापासूनची सलग. गुलाबी, पिवळे, पोपटी पातळ कागद, घडीवर विरलेले. ठेवायचे कसे ते विचारायला त्यांनी बोलावलं होतं. तालीम मंगळवार पेठेतली, आता गुडघे गेलेले, पण कुठली जोड कुणी कुठल्या डावावर मारली ते घडाघडा सांगतात. मी विचारलं, एवढं सगळं पाठ आहे तर कागद कशाला जपता? म्हणाले, “पैलवानांची नावं हाईत की तोंडपाठ. पर कुणाच्या जोडीला किती इनाम ठरलं हुतं, ते कुठं ऱ्हातंय डोस्क्यात, पोरी? मागनं समदेच सांगत्यात, मला हजार मिळालं, मला दोन हजार. हितं छापलंय बघ.”

ट्रंकेतून एकेक हँडबिल काढून ते बोट ठेवत होते ते पैलवानाच्या फोटोवर नाही, खाली कोपऱ्यात, तिकिटाच्या दरावर आणि इनामाच्या आकड्यावर. मला फार बरं वाटलं. छाप जमवणाऱ्या माणसाला ‘हे कशाला?’ हा प्रश्न आयुष्यभर पुरतो, आणि आपण सगळे ‘चित्रं छान असतात हो’ असं ओशाळं उत्तर देतो. चित्रासाठी आपण या नादाला लागतो हे खरं. मीही लहानपणी गल्लीत छाप लावून खेळण्यातूनच लागले. जिंकलेले वाघ अजून आहेत, कोपरे दुमडलेले. पण चित्रं बघून कंटाळा येतो, खालच्या ओळी वाचून येत नाही. लोक किंमत विसरतात, कर विसरतात, जिल्ह्याचं जुनं नाव विसरतात, आणि विसरल्यावर मनाला येईल ते सांगतात. माझ्यापुरतं बोलायचं तर मी त्या ओळींसाठी ठेवते. शेजारच्या काकू एसटीची तिकिटं ठेवतात, त्यांचं कारण वेगळं आहे. त्या प्रवासाची आठवण म्हणून ठेवतात आणि तिकिटाकडं कधी बघतही नाहीत. त्यांना माझं भिंग म्हणजे येडेपणा वाटतो. चालायचंच.

हँडबिलांसाठी आम्ही साधी पांढऱ्या कागदाची पाकिटं केली, घड्या उलगडून सपाट ठेवली, आणि ट्रंक पलंगाखालून काढून कपाटाच्या वरच्या फळीवर नेली. ओल सगळ्यात आधी जमिनीलाच येते. माझा स्वतःचा नियम ठरलेला आहे: पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी 39 फुटांवर, म्हणजे इशारा पातळीवर गेलं की अल्बम माळ्यावर. 43 ची धोका पातळी येईपर्यंत थांबायचं नाही. 2019 च्या पुरात शाहूपुरीतल्या एका जुन्या संग्राहकांची नाण्यांची पेटी वाचली, पण नोटांचा लगदा झाला. धातू धुऊन निघतो, कागद नाही. माळ्यावरच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकल्यात. बुटांच्या दुकानदाराकडून फुकट मिळतात, तव्यावर मंद तापवल्या की परत चालतात.

पुढचं काम कोविलपट्टीच्या गठ्ठ्याचं. त्यात तिरुनेलवेली आणि चिदंबरनार दोन्ही पत्ते असलेले एकाच नावाचे छाप निघालेत, म्हणजे जिल्हा बदलल्यावर त्या कारखान्यानं ब्लॉक खरंच बदलला होता. दोन्हींत चित्रातही फरक आहे. हरणाची शिंगं दुसऱ्यात आखूड झालीत. तिसरी आवृत्ती कुणाकडं असेल तर कळवा. दुबार माल बराच आहे: विम्कोचं जहाज, घोडा, होमलाइट, आणि एक रुपयाच्या काळातली बरीच शिवकाशी. बदल्यात पिनकोड नसलेलं काहीही चालेल, फाटकं असलं तरी, पण कर भरल्याची पट्टी काढलेली नको. पुठ्ठ्यात घालून पोस्टानं पाठवीन, पाऊस उघडल्यावर.