ई-बाईक सायकल की गाडी, ते कायदा ठरवतो

ई-बाईक घ्यायची म्हटलं की सगळे आधी रेंज विचारतात, एका चार्जमध्ये किती जाते वगैरे, पण कायद्याला रेंजशी काही घेणंदेणं नाही, तो बघतो मोटर किती वॅटची, मोटरची मदत कुठल्या स्पीडला बंद होते आणि पॅडल न मारता गाडी पळते का. युरोपियन युनियनमध्ये २५० वॅट आणि ताशी २५ किमी, त्यापुढे मोटरने गप्प बसायचं, पाय मारून तुम्ही ४० ने जा ना, कोण अडवतंय. आणि हे २५० वॅट म्हणजे सलग चालणारी पॉवर हां, चढावर मोटर थोडा वेळ त्याच्या दुप्पट ताकद लावते तरी ती कायद्यात बसते, स्टिकरवरचा आकडा बघून भांडणारे लोक नेमकं हेच विसरतात.

अमेरिकेत २००२ च्या कायद्यात ७५० वॅटपेक्षा कमी मोटरच्या ई-बाईकला मोटारगाडीच्या नियमांतून सूट आहे, पण तो कायदा प्रॉडक्ट विकण्यापुरता, रस्त्यावर कुठे चालवायची ते प्रत्येक राज्य ठरवतं, म्हणून बऱ्याच राज्यांत क्लास १, २, ३ अशी विभागणी आहे. क्लास २ ला थ्रॉटल, म्हणजे पॅडल न मारता गाडी पळवणारा ॲक्सिलरेटर, चालतो, क्लास ३ ला पॅडल मारलं तर ताशी २८ मैलांपर्यंत मदत मिळते.

माझं मत विचाराल तर खरा घोळ अनलॉकचा आहे. ॲपमधून लिमिट काढली की तीच सायकल कायद्याने मोपेड होऊ शकते, मग नंबरप्लेट, इन्शुरन्स, लायसन्स सगळं मागे लागतं, आणि ॲक्सिडेंट झाला की इन्शुरन्सवाले पहिलं तेच उकरून काढणार.