सहापैकी एकच मॅच: नवऱ्याला किडनी देतानाचा माझा अनुभव

किडनी द्यायचं ठरवायला मला फार वेळ लागला नाही, वेळ लागला तो पुढच्या सगळ्याला. आम्ही ऐरोलीला राहतो, नवऱ्याचं ऑफिस तुर्भ्याला, आठवड्यातून तीनदा डायलिसिस आणि उरलेल्या दिवशी फिस्टुलाचा (डायलिसिसची सुई टोचायला शीर जोडून घेतलेला) हात सांभाळत लोकलने कामावर, असं चाललेलं. झेडटीसीसीच्या, म्हणजे अवयव वाटपाचं काम बघणाऱ्या संस्थेच्या यादीत नाव घातलं होतं (मुंबई विभागाची कॅडेव्हर, म्हणजे मृत दात्याच्या अवयवासाठीची यादी त्यांच्याकडे असते, ठाणे-नवी मुंबई त्यातच येतं), पण त्या यादीची वाट बघत बसणं काय असतं ते डायलिसिसच्या खुर्च्यांवर बसलेल्या लोकांकडून रोज ऐकायला मिळायचंच.

घरात देणारं कोण, तर दिराला तपासणीतच शुगर निघाली, सासूबाईंचं वय आणि बीपी दोन्ही आडवं आलं, राहिले मी. माझा ब्लडग्रुप ओ, त्याचा बी, म्हणजे तिथे अडचण नाही. मग एचएलए टायपिंगचा, म्हणजे पेशींवरच्या ओळखीच्या खुणा जुळतात का ते बघणाऱ्या तपासणीचा रिपोर्ट आला, सहापैकी एकच जुळतंय. झालं, फोन सुरू. मॅच नाही झाली का, रक्ताचं कोणीच नाही का, बघा बाई घाई नका करू. सख्ख्या भावंडात पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक असते, हे तोवर अख्ख्या नातेवाईकांना पाठ झालेलं. नेफ्रॉलॉजिस्ट मात्र निवांत, म्हणाले क्रॉसमॅच निगेटिव्ह आहे ना, मग पुढे जाऊ. क्रॉसमॅचमध्ये तुमच्या पांढऱ्या पेशींवर पेशंटचं सीरम टाकून बघतात, त्याच्या रक्तात तुमच्याविरुद्ध अँटिबॉडी आधीच तयार असतील तर कळतं. त्या नव्हत्या. पण मला काही केल्या पचेना, सहापैकी पाच परकं असताना हे इतके निवांत कसे?

याचं उत्तर भाचीकडे निघालं. नणंदेची मुलगी, ठाण्यात मायक्रोबायोलॉजीत एमएस्सी करते, आणि योगायोग असा की तिला सेमिनारला हाच विषय होता, शरीराची प्रतिकारशक्ती कधी उठायचं आणि कधी गप्प बसायचं ते ठरवते कशी. ती म्हणाली, मामी, यावर शास्त्रज्ञांचंच भांडण आहे, तू कशाला टेन्शन घेतेस. मी म्हटलं, तू एकेक थिअरी सांग, मी प्रत्येकीला एकच प्रश्न विचारणार, माझ्या किडनीचं काय होणार?

पहिली बर्नेटची, ऑस्ट्रेलियातला शास्त्रज्ञ. आपलं आणि परकं, शरीर लहानपणीच आपलं काय ते शिकतं आणि मग परकं दिसलं की हल्ला. याला आधार पण भक्कम. 1945 मध्ये रे ओवेनला जुळ्या वासरांच्या अंगात एकमेकांच्या रक्तपेशी सुखाने नांदताना सापडल्या, 1953 मध्ये मेडावर आणि त्याच्या साथीदारांनी जन्माआधीच उंदराच्या पिल्लांना दुसऱ्या उंदराच्या पेशी टोचल्या, तर मोठेपणी त्यांनी त्या उंदराची कातडी आपली म्हणून ठेवून घेतली. बर्नेट आणि मेडावरला 1960 चं नोबेल यावरच. आणि 1954 मध्ये बोस्टनला पहिलं यशस्वी किडनी ट्रान्सप्लांट झालं ते एकसारख्या जुळ्या भावांत, सगळंच आपलं असल्यामुळे शरीराने तक्रार केली नाही. म्हणजे बर्नेटच्या हिशोबाने माझी किडनी परकी, मार खाणार.

दुसरी चार्ल्स जेनवेची, 1989 ची. त्याला एक गोष्ट खटकत होती, नुसतं परकं प्रोटीन टोचलं तर शरीर बऱ्याचदा ढुंकूनही बघत नाही, त्यात मेलेले बॅक्टेरिया वगैरे मिसळले की मगच जागं होतं, आणि या मिसळण्याला तो इम्युनॉलॉजीवाल्यांचं घाणेरडं गुपित म्हणायचा. त्याचं म्हणणं, शरीर परकं शोधत नाही, जंतूंची ठरावीक खूण शोधतं. पुढे ती खूण ओळखणारे टोल रिसेप्टर सापडले आणि तो खरा ठरला, 2011 चं अर्धं नोबेल त्याच कामाला मिळालं, तोवर जेनवे हयात नव्हता (हे ऐकून मला उगाच वाईट वाटलं). पण माझा प्रश्न तसाच. माझ्या किडनीवर जंतू कुठे आहेत? मग ती रिजेक्ट व्हायलाच नको. भाची म्हणाली बरोबर, इथेच ही थिअरी अडखळते.

तिसरी पॉली मॅट्झिंगरची, 1994, आणि खरं सांगायचं तर मला हीच बाई आवडली. आधी वेट्रेस होती, काय काय कामं केली, आणि एका पेपरवर तिने स्वतःच्या कुत्रीचं नाव सहलेखक म्हणून घातलं होतं, हे खरंय. ती म्हणते शरीराला आपलं-परकं याच्याशी घेणंदेणं कमी, कुठे इजा होतेय का एवढंच ते बघतं. पेशी नीट ठरवून मेली तर गवगवा नाही, पण फाटून, गुदमरून मेली की आतला माल बाहेर सांडतो, एटीपी, युरिक ॲसिड असलं काय काय, तो धोक्याचा सिग्नल. मग माझी किडनी? ती कापली जाणार, तिचा रक्तपुरवठा थांबणार, परत सुरू होणार, म्हणजे दुखावणार. जितकी कमी दुखावेल तितकं बरं.

आणि इथे भाचीने 1995 चा एक अभ्यास काढला, पॉल तेरासाकीचा, अमेरिकेतल्या ट्रान्सप्लांटच्या आकड्यांवरचा. तीन वर्षांनी नवरा-बायकोत दिलेल्या किडन्या 85 टक्के चालू, आईवडिलांनी दिलेल्या 82 टक्के, आणि मृत दात्याच्या 70 टक्के. आईवडिलांचं तर अर्धं हमखास जुळतं, नवरा-बायकोचं नशिबाने जुळेल तेवढंच. लेखकांनी कारण दिलं ते हेच, जिवंत माणसाची किडनी धडधाकट येते, वाटेत खराब होत नाही. डॉक्टर निवांत का होते ते मला त्या रात्री कळलं, तेरासाकीचे आकडे मी फॅमिली ग्रुपवर टाकले आणि मॅचचे फोन जरा थांबले.

आता कागदपत्रं. कायदाही 1994 चाच, मानवी अवयव प्रत्यारोपणाचा, त्यात नवरा-बायको जवळचे नातेवाईक धरलेत, त्यामुळे राज्याच्या कमिटीपर्यंत जावं लागत नाही, हॉस्पिटल पातळीवर मंजुरी होते. नवरा-बायकोसाठी फॉर्म 2 असतो. लग्नाचं सर्टिफिकेट, दोघांचे आधार, मुलीचा जन्मदाखला, फॅमिली फोटो, लग्नाचे फोटो. मी अख्खा अल्बमच पिशवीत टाकून नेला, अंतरपाटाचा फोटो बघून कमिटीतल्या एक मॅडम हसल्या. मग मला एकटीला बसवून विचारलं, व्हिडिओ चालू ठेवून, कोणी जबरदस्ती केली का, पैसे देतो म्हणालं का, ऑपरेशनमध्ये काय होऊ शकतं माहीत आहे का, नाही म्हणावंसं वाटतंय का. शेवटचा प्रश्न परत विचारला. राग येऊ देऊ नका, बायकांवर दबाव येतो हे त्यांनी रोज बघितलेलं असतं, आणि मला तर बरंच वाटलं की कोणीतरी एकटीला विचारलं.

ऑपरेशनबद्दल थोडंच. शेजारी-शेजारी दोन ओटी, माझी किडनी दुर्बिणीने सोडवून खालच्या छोट्या चिरेतून काढली, थंड द्रावणाने धुतली आणि लगेच पलीकडे त्याच्या ओटीपोटात उजव्या बाजूला बसवली, जुन्या दोन्ही जागच्या जागी. टेबलवरच लघवी सुरू झाली म्हणे. शुद्धीवर आल्यावर पोटापेक्षा खांदा जास्त दुखत होता, दुर्बिणीसाठी भरलेल्या गॅसमुळे होतं ते, कोणी आधी सांगितलं नव्हतं म्हणून सांगतेय.

इतकं छान झाल्यावर मला वाटलं मॅट्झिंगरबाईंच्या हिशोबाने आता जखम भरली की धोक्याचे सिग्नल बंद, मग गोळ्या पण बंद करता येतील. डॉक्टरांनी हात जोडले. गोळ्या जन्मभर. भाचीला विचारलं तर म्हणाली, हीच तर त्या थिअरीवरची टीका आहे, ज्या उंदरांना टी पेशीच (परक्यावर हल्ला करणाऱ्या पांढऱ्या पेशी) नाहीत त्यांच्यावर परकी कातडी लावली, ती पूर्ण भरून येऊ दिली, आणि मग टी पेशी दिल्या, तरी कातडी रिजेक्ट झाली. धोका नसताना. शिवाय जुळ्या भावाची किडनी पण कापूनच बसवली होती की, तिला का नाही काही झालं? म्हणजे नुसत्या इजेने होत नाही, परकेपणा पण लागतो. पेशी जागी व्हायला एक परकं ओळखल्याचा आणि एक जोडीचा, असे दोन सिग्नल लागतात हे 1970 मध्येच ब्रेचर आणि कोन यांनी मांडलं होतं. माझं मत विचाराल तर ऑपरेशनच्या दिवसापुरती मॅट्झिंगर खरी आणि गोळ्यांच्या डब्यापुरता बर्नेट खरा, आणि तिच्या सेमिनारच्या सरांना हे चालणार नाही हे मला माहितीये.

डब्यात टॅक्रोलिमस बारा-बारा तासांनी, ते टी पेशीला पोचलेला पहिला सिग्नल पुढे जाऊ देत नाही, मायकोफेनोलेट त्या पेशींची संख्या वाढू देत नाही, आणि स्टेरॉइड. टॅक्रोलिमस जपानमधल्या मातीतल्या बॅक्टेरियापासून मिळालं, त्याची लेव्हल रक्तात तपासत राहायची, गोळी घ्यायच्या आधी रक्त द्यायचं. गावाहून पपनस आली ती शेजारी वाटून टाकली, त्याने ही लेव्हल वाढू शकते.

एक राहिलं. पोटातलं बाळ अर्धं बापाचं, म्हणजे परकंच, तरी आईचं शरीर नऊ महिने ते सांभाळतं, यावर या सगळ्या थिअऱ्या घाम गाळतात. पण त्या काळात आईच्या रक्तात बापाच्या एचएलएविरुद्ध अँटिबॉडी तयार होऊ शकतात. आमच्याकडे बायको देणारी होती म्हणून तो प्रश्न आला नाही. तुमच्याकडे उलटं असेल, नवरा देणार आणि मुलं झालेली बायको घेणार, तर एचएलएचे आकडे मोजत बसण्याआधी डॉक्टरांना डोनर स्पेसिफिक अँटिबॉडीची (देणाऱ्याच्याच एचएलएविरुद्धच्या अँटिबॉडीची) टेस्ट कधी करणार ते विचारा.