फळ्याचा उजवा कोपरा

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी आठवण लिहून पाठवा, असं शाळेचं पत्र आलं तेव्हा बक्षिसं, स्नेहसंमेलनं, सहली यांतलं काहीच आठवेना. डोळ्यांसमोर आला तो नववीच्या वर्गातल्या फळ्याचा उजवा कोपरा. फेब्रुवारी सरता सरता शास्त्राच्या बाई तिथे खडूनं एक चौकट आखायच्या आणि वर लिहायच्या, ‘आज काय दिसलं?’ वार्षिक परीक्षेपर्यंत तिला डस्टर लावायचा नाही, असा वर्गाला दम असे. ‘पिंपळाला तांबडी पालवी’, ‘मुंग्या अंडी घेऊन निघाल्या’, असं जे दिसेल ते आम्ही लिहायचो. ‘कोकिळा गायली’ असं कुणी लिहिलं की बाई ते खोडत नसत. “कोण गातंय ते उद्या बघून ये,” एवढंच म्हणत. कुहू करतो तो काळाभोर नर, आणि ठिपक्याठिपक्यांची तपकिरी मादी नुसतं किक्-किक् करते, हे मी पुस्तकात वाचायच्या आधी झाडावर पाहिलं.

अभ्यासक्रम संपला की शेवटच्या तासाला बाई देशोदेशीच्या वसंताच्या गोष्टी सांगत. बल्गेरियात १ मार्चला लोक एकमेकांच्या मनगटावर लाल-पांढऱ्या दोऱ्याची मार्तेनित्सा बांधतात. पहिला करकोचा, पहिली भिंगरी किंवा फुललेलं झाड दिसलं की ती सोडून फांदीला बांधायची. म्हणजे मार्च महिन्यात थोरामोठ्यांची नजर आभाळाकडे! या प्रथेची २०१७ साली युनेस्कोच्या वारसा यादीत नोंद झाल्याचं वाचलं, तेव्हा मला पहिल्यांदा आठवला तो बाईंचा आवाज. युरोपात कित्येक ठिकाणी अशीही समजूत होती की भिंगरीला मारलं तर गाईच्या दुधात रक्त येतं. समजूत खोटी, पण तिच्या धाकानं गोठ्याच्या आढ्याला किती घरटी शाबूत राहिली असतील, असं बाई म्हणायच्या. लोकसमजुतींना त्या कधी हसल्या नाहीत. प्रत्येक समजूत त्या हातात घेऊन उलटसुलट करून बघत. हिच्यात कुणी काय पाहिलं असेल? आणि कुठे चुकलं असेल?

भिंगऱ्या हिवाळ्यात कुठे जातात, हा असाच एक प्रश्न. अ‍ॅरिस्टॉटलनं लिहून ठेवलं होतं की काही भिंगऱ्या पिसं गळालेल्या अवस्थेत कपारींत दडून राहतात. १५५५ साली ओलाउस माग्नुस या स्वीडिश धर्मगुरूनं लिहिलं की त्या पाण्याखाली झोपतात आणि कोळ्यांच्या जाळ्यात सापडतात. मग १८२२ साली जर्मनीत एक करकोचा मिळाला. त्याच्या मानेत आरपार एक भाला होता, आणि भाला आफ्रिकेतला! पक्षी हिवाळ्यात दूरदेशी जातात याचा असा ढळढळीत पुरावा तोवर कुणाच्या हाती आला नव्हता. तो करकोचा आजही रोस्टॉक विद्यापीठात जपून ठेवलेला आहे. वर्ग थक्क झाला होता. मी मात्र दुसऱ्याच गोष्टीशी अडलो होतो. मानेत भाला घेऊन हजारो किलोमीटर उडत घरी परतलेल्या त्या पक्ष्याला तिथे गोळी घालण्यात आली होती. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही.

आता जे लिहितो आहे ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही. भूमितीच्या पेपरच्या दिवशी मैदानाकडेच्या झाडाखाली आम्हाला डोमकावळ्याचं पिल्लू दिसलं. अंगावर पिसं, आखूड शेपूट, उडता येत नव्हतं. एकानं ते उचललं, आणि दोन कावळे आमच्या डोक्यांवर तुटून पडले. माणसाचा हात लागलेल्या पिल्लाला पक्षी टोचून मारतात, हे आम्ही सगळ्यांनीच घरी ऐकलेलं. म्हणून त्याला वाचवायचं ठरलं. बुटाच्या खोक्यात घालून मी ते घरी नेलं, कापसाच्या बोळ्यानं दूध पाजलं, पुन्हा पुन्हा पाजलं. दुसऱ्या दिवशी पहाटे ते मेलेलं होतं.

बाई रागावल्या नाहीत. त्यांनी विचारलं, “पिसं आली होती? पायांवर उभं राहत होतं?” मी मान डोलावली. “आणि कावळे काय करत होते?” आमच्यावर झडप घालत होते, मी म्हणालो. “कशासाठी?”

त्या एका शब्दाला माझ्याकडे उत्तर होतं, आणि ते तोंडातून निघेना. मग त्यांनीच सांगितलं. पक्षी आपलं पिल्लू माणसाच्या वासावरून टाकत नाहीत. त्याची हाक ऐकून ते येतात. पिसं फुटलेली पिल्लं घरट्यातून उतरून काही दिवस अशीच खाली खुरडतात, आईबाप जवळपास राहून भरवत असतात. दूध पक्ष्यांना पचत नाही, आणि चोचीत ओतलेला द्रव श्वासनलिकेत उतरू शकतो. सशाचंही तसंच: मादी पिल्लांना गवतात एकटं ठेवते, दिवसातून एखाद्या वेळीच पाजायला येते, आणि माणसं ती अनाथ समजून उचलून नेतात.

नंतरचे दोन दिवस ते कावळे त्याच झाडावर ओरडत होते. बाईंनी माझ्या हातात खडू दिला. चौकटीत मी लिहिलं, ‘कावळे पिल्लू शोधत आहेत.’ वर्षभरात त्या कोपऱ्यात लिहिलेलं माझं हे शेवटचं वाक्य.

शाळेला माझं एकच मागणं आहे. या वर्षी प्रत्येक वर्गात ती चौकट आखावी. खडूशिवाय काही खर्च नाही.

माझ्याकडे आता दर उन्हाळ्यात कुणी ना कुणी खोका घेऊन येतं. पिल्लू जखमी असलं किंवा मांजरानं तोंडात धरलेलं असलं तर आम्ही पशुवैद्याकडे नेतो. अंगावर पिसं नसतील तर घरटं शोधून त्यात परत ठेवतो. बाकीची जिथे सापडली तिथे परत. गेल्या वर्षी तिसरीतली एक मुलगी बुलबुलाचं पिल्लू घेऊन आली. “याला माझा हात लागलाय,” ती रडवेल्या आवाजात म्हणाली, “आता आई घेईल का?” तिनं दाखवलेल्या झुडपात आम्ही ते आतल्या फांदीवर बसवलं आणि बरंच मागे जाऊन उकिडवे बसलो. पिल्लू चिरकत होतं. मुलीनं माझी बाही घट्ट धरली होती. बऱ्याच वेळानं चोचीत हिरवी अळी घेऊन एक बुलबुल आला, आधी तारेवर बसला, आमच्याकडे बघितलं, आणि झुडपात शिरला.