कापलेली पेनी

आज इंग्लंडमधल्या सफोकमध्ये मित्रासोबत मेटल डिटेक्टर घेऊन शेतात गेलो होतो, गहू काढून झालाय आणि मालकाची लेखी परवानगी आहे. सकाळभर काडतुसांची पितळी बुडं आणि कॅनची झाकणं, मग दुपारी बांधाजवळ एकदम क्लिअर आवाज आला, चार बोटं माती काढली तर नखाएवढा चांदीचा तुकडा, अर्धगोल, त्यावर अर्धा क्रॉस आणि कडेला अक्षरं!! शॉर्ट क्रॉस पेनी, आखूड क्रॉसचं जुनं इंग्लिश चांदीचं नाणं, म्हणजे ११८० ते १२४७ मधली. तेव्हा सुट्ट्या पैशांसाठी लोक सरळ पेनीच मधोमध कापायचे, ती कापलेली कड अजून बोटाला लागते हो.

ह्याच भागात हॉक्सनला १९९२ मध्ये एरिक लॉज मित्राची हरवलेली हातोडी शोधत होते आणि रोमन खजिना लागला, जवळपास १५ हजार नाणी. मला कौतुक ह्याचं की त्यांनी सगळं स्वतः उकरलं नाही, कळवलं, म्हणून पुरातत्त्ववाल्यांना नीट खोदता आलं.

आपल्याकडेही १८७८ चा कायदा आहे, दहा रुपयांवरचं गुप्तधन सापडलं तर कलेक्टरला कळवायचं, पण गावाकडे नांगरताना शिवराई मिळाली की बरेचदा परस्पर विकली जाते आणि कुठल्या शेतातली होती ते कायमचं पुसलं जातं, फार वाईट वाटतं.

लोकेशन लिहून ठेवलंय, तुकडा फाइंड्स ऑफिसरकडे, म्हणजे अशा सापडलेल्या जुन्या वस्तूंची नोंद करणाऱ्या अधिकाऱ्याकडे, नेतोय. टांकसाळ कुठली ते कळलं की कमेंटमध्ये टाकतो.