नाताळचे वारे आणि व्हर्जिन आयलंड्स

कोकण किनाऱ्यावर डिसेंबरात शीड उभारणाऱ्याला वाऱ्याचं वेळापत्रक पाठ असतं: पहाटे मतलई (जमिनीवरून येणारा वारा), दुपारनंतर खारा वारा (समुद्रावरून येणारा), मधे पडलेली हवा. कॅरिबियनमधल्या ब्रिटिश व्हर्जिन आयलंड्सला, भाड्याच्या शिडाच्या होडीतून घरच्यांसह फिरायला निघालात तर ते विसरा. तिथे हिवाळ्यात व्यापारी वारे रात्रंदिवस पूर्वेकडून येतात, बहुतेक दिवस १५ ते २० नॉट (ताशी सागरी मैल). नाताळच्या सुमारास त्यांना जोर चढतो आणि २५-३० नॉटचा वारा काही दिवस हटत नाही. तिथे त्याला 'ख्रिसमस विंड्स' म्हणतात. मुलांची सुट्टी नेमकी तेव्हाच!

म्हणून मार्ग वाऱ्यावरून आखायचा. टॉर्टोला या मुख्य बेटावरच्या रोड टाऊनहून पहिला मुक्काम नॉर्मन बेटावरच्या 'द बाइट' या खाडीत. जेमतेम सहा सागरी मैल, वारा आडवा, मुलांच्या पोटाला सोसणारं अंतर. पहिल्याच दिवशी पूर्वेकडचं व्हर्जिन गोर्डा बेट गाठायला जाल तर सगळी वाट वाऱ्याच्या तोंडावर. कॅटमरानचा (जोडहोडीचा) तळ लाटांवर आपटत राहतो, दोघंतिघं ओकतात आणि पुढचा आठवडाभर शीड उघडायला घरचेच विरोध करतात. दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर निघून कूपर बेट, मग व्हर्जिन गोर्डा. वाऱ्याविरुद्धचा हा चढ संपला की परतीचा प्रवास पाठीवरच्या वाऱ्याने. मोठ्या शिडाला पहिला रीफ (म्हणजे शीड थोडं आवळून लहान करणं) मुक्कामावरच घेऊन निघा. वारा कमी निघाला तर तो सोडायला दोन मिनिटं लागतात. भर समुद्रात, मुलं घाबरलेली असताना रीफ घेणं मात्र नको होतं.

दुसरी अडचण उत्तरेकडची लाट. अटलांटिकमध्ये दूर कुठेतरी वादळ होतं आणि इथे स्वच्छ उन्हात मोठाल्या लाटा येतात. मग टॉर्टोलाची केन गार्डन बे आणि व्हर्जिन गोर्डावरच्या 'द बाथ्स'चे महाकाय खडक त्या दिवसापुरते सोडून द्यावे लागतात. बाथ्सला लाल बावटा दिसला तर पाण्यात उतरू नका.

बहुतेक ठिकाणी नांगराऐवजी मुक्कामाच्या बोयाला (तळाशी साखळीने बांधलेल्या तरंगत्या गोळ्याला) होडी बांधतात. सुट्टीच्या दिवसांत दुपारपर्यंत बोये संपतात. बोयाकडे वाऱ्याच्या तोंडाने, अगदी हळू या. शेवटच्या काही मीटरांत सुकाणूवाल्याला बोया दिसत नाही, म्हणून नाळेवरच्या (होडीच्या पुढच्या टोकावरच्या) माणसाने हात करून दिशा दाखवत राहायचं. दोर दोन लागतात: डाव्या क्लीटचा (दोर अडकवायच्या खुंटीचा) दोर बोयाच्या फासातून परत डाव्याच क्लीटवर, उजव्याचा उजव्यावर. एकच दोर डावीकडून फासातून उजवीकडे नेला तर होडी झुलते तसा तो करवतीसारखा घासतो आणि रात्रीत तुटू शकतो. बांधल्यावर गॉगल लावून खाली बुडी मारा, साखळी नि शॅकल (जोडकडी) बघून या. मागे ओढत नेलेल्या डिंगीचा (छोट्या होडीचा) दोर आखूड ठेवा. होडी मागे घेताना लांब दोर हमखास इंजिनाच्या पंख्यात जातो.

नांगर टाकायची वेळ आलीच तर वाळू शोधा, गवत नको. पाणी ५ मीटर, नाळेची उंची दीड मीटर, म्हणजे साडेसहा. त्याच्या पाचपट, ३३ मीटर साखळी. वारा २५ च्या वर असेल तर सातपट.

भारतात शिकलेल्यांसाठी एक सूचना: इथे बंदरात शिरताना वाट दाखवणारा लाल बोया उजव्या हाताला ठेवायचा, आपल्याकडच्या अगदी उलट.

गोडं पाणी जपून. आठ माणसं, माणशी २० लिटर, म्हणजे दिवसाला १६०; टाकी ६४० लिटरची असेल तर चार दिवस. आंघोळ समुद्रात, वरून दोन लिटर गोडं. कुणी नळ उघडलेला नसताना पंप वाजला तर कुठेतरी गळतंय, लगेच शोधा. शौचालयात वेट वाइप्स टाकले की पंप तुंबतो, आणि तो उघडून साफ करणं हे सुट्टीतलं काम नव्हे.

अमेरिकेतून, अमेरिकेच्याच सेंट थॉमस बेटावरून फेरीने जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं: टॉर्टोला म्हणजे परदेश. परतीसाठी अमेरिकेच्या व्हिसाचा शिक्का चालू आहे ना, ते आधी बघा.

अनेगाडा बेट शेवटाकडे ठेवा. इतर बेटं डोंगराळ, हे प्रवाळाचं, उंची साडेआठ मीटरच्या आसपास. लांबून आधी माडांचे शेंडे दिसतात. आजूबाजूच्या प्रवाळखडकांवर शेकडो जहाजं फुटली आहेत, म्हणून ऊन डोक्यावर असताना पोचायचं, व्हर्जिन गोर्डाच्या नॉर्थ साउंडहून सकाळीच निघून. होडी भाड्याने देणाऱ्या काही कंपन्या तिथे जायला परवानगीच देत नाहीत. होडी ठरवतानाच विचारा. रात्री किनाऱ्यावर भाजलेला लॉबस्टर हवा असेल तर दुपारीच रेडिओवरून सांगून ठेवा.