भिजत घोंगडं

रविवार, रात्र

बायोलॉजीचं जर्नल आज सकाळी दप्तरातून काढून टेबलावर ठेवलं होतं. आत्ता ते जसंच्या तसं परत दप्तरात गेलं. नऊ आकृत्या बाकी आहेत आणि शुक्रवारी जर्नल द्यायचंय. दिवसभर मी काय केलं? पेन्सिलींना टोक केलं, टेबल आवरलं, कपाटाचा खालचा कप्पा आवरला, आईबरोबर खंडेराव मार्केटला जाऊन भाजी आणली. एरवी दहा वेळा सांगूनही न होणारी कामं आज आपणहून झाली.

सगळ्यात जास्त सलतं ते हे, की चित्र काढणं मला येतं. वर्गाच्या फळ्यावरची सजावट माझ्याकडेच असते. माझ्या शेजारी बसणाऱ्या मुलीचा हात चित्राला अजिबात वळत नाही, पण तिचं जर्नल जुलैतच पूर्ण झालंय. गणिताचा गृहपाठ मी कधी मागे ठेवत नाही. मग जे येतं, आवडतं, तेच का राहतं?

स्केचबुकाचंही तसंच. मे महिन्याच्या सुटीत आमच्या बडोद्याच्या कीर्ती मंदिरात बसून चित्रकार नंदलाल बोसांच्या गंगावतरणाच्या भित्तिचित्राचं रेखाटन सुरू केलं होतं. शंकराच्या जटांपाशी येऊन थांबलं. आता श्रावण सरत आला. आई त्याला भिजत घोंगडं म्हणते. ती रागावून म्हणत नाही, तरी लागतं.

रागावते ती मीच. झोपताना मी स्वतःला काय काय बोलते ते आज कागदावर लिहून काढलं. आळशी, आरंभशूर, कशालाच लायक नाहीस, लोकांची पोरं कुठल्या कुठे गेली. वाचून मलाच कसंतरी झालं. धाकट्या भावाचा अभ्यास राहिला तर त्याला मी असं बोलेन का? त्याच्या शेजारी बसेन, पुस्तक उघडून देईन.

मानसशास्त्राच्या तासाला सरांनी एक अभ्यास सांगितला होता, तो आठवला. 2010 साली तो प्रसिद्ध झाला. कॅनडातल्या कार्लटन विद्यापीठातल्या पहिल्या वर्षाच्या 119 विद्यार्थ्यांवर केला होता. पहिल्या परीक्षेआधी चालढकल झाली म्हणून ज्यांनी स्वतःला माफ केलं, त्यांनी पुढच्या परीक्षेच्या वेळी चालढकल कमी केली. तेव्हा मला हे उलटंच वाटलं होतं. माफ केलं तर माणूस आणखी सोकावणार नाही का? आज कळतंय. मी रोज रात्री जर्नलवरून स्वतःला इतकं बोलते, की सकाळी ते नुसतं दिसलं तरी पोटात गोळा येतो. ज्याच्यापाशी गेलं की बोलणी बसतात, त्याच्यापाशी कोण जाईल?

वरचा कागद फाडून टाकला. झालं ते झालं.

सोमवार

रोज संध्याकाळी मी आजीच्या सुया ओवून देते. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तरी तिला सुईचं नाकं नीट दिसत नाही. पाच-सहा सुयांत दोरे ओवून उशीला टोचून ठेवायचे, म्हणजे तिला दुसऱ्या दिवशी गोधडी शिवायला पुरतात. आज ओवताना एकदम लक्षात आलं, की हे काम मी एकदाही उद्यावर ढकललेलं नाही. दोन मिनिटांचं काम, त्यात चांगलं-वाईट काही नाही, आणि मागून कुणी मार्क देत नाही.

आणखी एक गोष्ट पाहिली. आजी दिवसाचं काम थांबवते ती ओळ पुरी करून नाही. धावदोरा अर्ध्यावर, सुई कापडात तशीच टोचलेली, दोरा लोंबतोय. मी विचारलं, "आजी, एवढी ओळ संपवून का नाही उठत?"

"अगं, सकाळी कापड हातात घेतलं की कुठनं सुरू करू असं व्हायला नको. सुई आहे तिथनं पुढं."

पासष्ट वर्षं गोधड्या शिवणाऱ्या बाईला हे कुणी शिकवलं नसेल. रात्री जेवणानंतर मी जर्नल उघडलं आणि द्विदल खोडाच्या आडव्या छेदाचं फक्त बाहेरचं वर्तुळ काढलं. अर्धंच. पेन्सिल त्या पानात ठेवून जर्नल उघडंच ठेवलं.

बुधवार

ते अर्धं वर्तुळ शाळेत दिवसभर डोक्यात होतं. घरी आले, हातपाय धुतले, चहाच्या आधी ते पुरं केलं. मग एपिडर्मिसच्या, म्हणजे बाहेरच्या आवरणाच्या पेशी, एकीला एक चिकटून, सगळ्या जवळजवळ सारख्या. त्याच्या आत कॉर्टेक्स. त्याच्याही आत व्हॅस्क्युलर बंडल्स, म्हणजे नळ्यांच्या जुड्या, गोलाकार मांडलेले, प्रत्येकात अन्न नेणारं फ्लोएम बाहेरच्या बाजूला आणि पाणी नेणारं झायलम आतल्या. मध्यभागी पिथ, म्हणजे गाभा. मायक्रोस्कोपखाली सूर्यफुलाच्या खोडाचा छेद पाहिला होता तेव्हा तो मला अंगणातल्या ठिपक्यांच्या रांगोळीसारखा दिसला होता. आज काढताना तो दिसला तसा उतरत गेला. एक बंडल जरा मोठा झाला. खोडरबर हातात घेतला होता, खाली ठेवला. खऱ्या खोडातही सगळे सारखे नव्हते.

आठ आकृत्या झाल्या. नववी अर्धी ठेवून उठले.

गुरुवार

आज डोकं दुखत होतं. फक्त पट्टीने रेघा मारून नावं लिहिली. काल पुष्कळ झालं होतं. स्वतःला काही बोलले नाही.

शनिवार

जर्नल काल दिलं. नऊपैकी आठच आकृत्या होत्या. नववी सोमवारी देते असं बाईंना आधीच सांगितलं, त्या बरं म्हणाल्या. एवढं सांगायलाही महिनाभर जीभ उचलली नव्हती.

सकाळी बाबांबरोबर कीर्ती मंदिरात गेले. विश्वामित्री नदीला पाणी चढलंय, पुलावर लोक थांबून मगर दिसते का बघत होते. आत शांत होतं. मे महिन्यात मी त्या भिंतीसमोर बसले तेव्हा एकच विचार होता, की हे इतकं सुंदर मला कधी जमणार. आज बाबांनी सांगितलं, की या चार भिंती एकदम रंगवलेल्या नाहीत. गंगावतरणापासून महाभारताच्या युद्धापर्यंत, 1939 ते 1946 या काळात नंदलाल बोस शांतिनिकेतनहून येत राहिले, एकेक भिंत करत राहिले. मधली वर्षं भिंती कोऱ्या वाट बघत असतील. त्या कोऱ्या भिंतींना कुणी भिजत घोंगडं म्हटलं असेल का, हा विचार माझ्या डोक्यातून जाईना. मी बराच वेळ एका भिंतीकडून दुसरीकडे बघत फिरले.

मग स्केचबुक उघडलं. मे महिन्यातली रेघ थोडी पुसट झाली होती, तिच्यावरूनच पुढे गेले. जटेची एक बट, दुसरी बट. तिसरी वळणावर आली तेव्हा बाबा म्हणाले, निघूया का, आई जेवायला थांबली असेल. बट तशीच वळणावर सोडली, पेन्सिल पानात ठेवली.

बाबांनी विचारलं, "एवढी पुरी करून घे ना, थांबतो मी."

"नको बाबा, पुढच्या शनिवारी."

आजी हाक मारतेय. सुया ओवायच्या राहिल्यात.