चौकटींना आधीच नंबर नकोत

घटनांचा क्रम लावायच्या सरावाच्या पानावर १, २, ३, ४ असे आकडे छापलेले दिसले की मी व्हाइटनर काढते. बाणही खोडते आणि उरलेल्या कोऱ्या चौकटींची झेरॉक्स मुलांना देते. सहकाऱ्यांना हा चक्रमपणा वाटतो. वाटू दे. आकडे घातलेला ओघतक्ता, म्हणजे बाणांनी जोडलेल्या चौकटींचा तक्ता, मुलं धड्यातली वाक्यं वरून खाली उतरवून चुटकीसरशी भरतात, डोकं न चालवता पैकीच्या पैकी गुण घेतात.

बी रुजण्याचंच घ्या. मी चिठ्ठ्या देते: बी पाणी शोषतं, बी फुगतं, टरफल फाटतं, मूळ बाहेर येतं, कोंब वर येतो. सुरुवातीच्या चिठ्ठ्या पटापट लागतात. खरी जुंपते ती मूळ आधी की कोंब आधी यावर. मातीतून वर आलेला कोंब सगळ्यांनी पाहिलेला असतो, मूळ कुणीच नाही, त्यामुळे बहुमत कोंबाच्या बाजूनं. मी उत्तर सांगत नाही. काचेच्या भांड्यात ओल्या कापसावर घेवड्याच्या बिया ठेवते आणि तक्ता शेजारच्या भिंतीवर लावते. चिठ्ठ्या डिंकानं चिकटवायच्या नाहीत, टाचणीनं लावायच्या. काही दिवसांनी मूळ डोकावलं की पोरं न सांगता उठून चिठ्ठ्यांची अदलाबदल करतात. ग्राफिक ऑर्गनायझरचं, म्हणजे माहिती आकृतीत मांडणाऱ्या अशा तक्त्यांचं, मला कौतुक आहे ते यासाठीच: चुकलेला क्रम डोळ्यांसमोर राहतो आणि हलवता येतो.

आकार मात्र विषय बघून निवडायचा. अंडं, अळी, कोष, फुलपाखरू हे सरळ रेषेत मांडलं की सगळं फुलपाखरापाशी संपतं. मग पहिलं अंडं घातलं कुणी? तिथे गोलच हवा. इतिहासात तर सारख्या चौकटी चक्क फसवतात. राइट बंधूंचं उड्डाण १९०३, स्पुटनिक हा पहिला कृत्रिम उपग्रह १९५७, चंद्रावर माणूस १९६९. ओघतक्त्यात दोन्ही बाण सारखेच. तेच वर्षाला एक सेंटिमीटर धरून कालरेषेवर मांडा: आधी ५४ सेंटिमीटर, मग फक्त १२. कागदाला कागद जोडावा लागतो, आणि मधल्या त्या लांबलचक कोऱ्या जागेत काय काय घडलं, हे मुलं स्वतःहून विचारायला लागतात.

गोष्ट लिहिताना 'आणि मग, आणि मग' सुरू होतं, त्यावर माझा उपाय साधा आहे. बाण कोरा सोडायचा नाही. त्यावर 'तेवढ्यात', 'तोपर्यंत', 'त्यामुळे' असं काहीतरी लिहायचं. 'त्यामुळे' लिहिणाऱ्याला मी हमखास अडवते: पहिलं घडलं नसतं, तरी दुसरं घडलं असतं का? बऱ्याचदा शब्द खोडून 'नंतर' येतो. दोन गोष्टी एकाच वेळी घडत असतील तर चौकटी शेजारीशेजारी काढायच्या, हे एकदा दाखवलं की पुरतं.

परिच्छेद लिहायला बसलं की तक्ता पालथा घालायचा. ज्यांची अजून गडबड होते त्यांनी खुशाल समोर ठेवावा, त्याचे गुण मी कापत नाही.